जुन्या मोटारीचा भार उतरवितांना

मोटारगाडीची सुधारणा म्हणजे तिच्यांत कांहींतरी नवें घालणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोणी मोठें इंजिन बसवितो, कोणी रुंद चाकें घालतो, तर कोणी मऊ आसनें करून घेतो. याच्या अगदीं उलट वाटेनें जाणारा एक छंद इंग्लंडांत पाऊणशें वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. या छंदाचा भोक्ता एखादी जुनी, स्वस्त आणि बहुधा गंजलेली क्रीडा-मोटार विकत घेतो आणि तिच्यांतील एकेक वस्तु काढीत जातो. टप जातो, दारें जातात, गालिचे जातात, बाहेरचा पत्राहि जातो; शेवटीं चार चाकें, एक इंजिन, दोन आसनें आणि या सर्वांस धरून ठेवणारा सांगाडा एवढेंच उरतें. तरीहि ही उरलेली वस्तु सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीर रीतीनें चालवितां यावी, असा त्याचा आग्रह असतो. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो, आणि कांहीं अंशीं तो आहेहि. परंतु मोटारगाडी कशानें पळते, कशानें थांबते आणि कशानें माणसाचा जीव वांचविते, हें या खेळांत जितकें उघडें दिसतें तितकें अखंड गाडींत दिसत नाहीं. निव्वळ ओझें समजून कापलेला भाग गाडीचा कणा निघाला, तर खेळ जिवावर बेततो. म्हणून काय काढावें, काय ठेवावें आणि तें कोणत्या कसोटीनें ठरवावें, हें नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

या छंदाच्या आरंभीं 'ऑस्टिन सेव्हन' या लहानशा गाडीचें नांव घ्यावें लागतें. ही गाडी इ. स. १९२२ पासून १९३९ पर्यंत इंग्लंडांत तयार होत होती. तिचें इंजिन बहुतेक काळ अवघें ७४७ घन सेंटिमीटरचें होतें, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबास परवडणारी गाडी म्हणून ती गांवोगांव पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा जुन्या गाड्या थोड्या पैशांत मिळूं लागल्या. त्यांची खालची चौकट, म्हणजे चासी, स्वतंत्र असे आणि वरचा देह तिच्यावर नुसता बसविलेला असे. त्यामुळें जुना जड देह उतरवून त्या जागीं नवा हलका देह चढविणें, हें साध्या हत्यारांनीं घरच्या घरीं होण्यासारखें काम होतें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत इंजिनियरिंग शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन या तरुणानें अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर प्लायवुडचा देह चढवून १९४८ सालीं आपली गाडी सिद्ध केली. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या 'लोटस' या नांवाची ती पहिली गाडी होय. १९५७ सालीं त्याच चॅपमननें 'लोटस सेव्हन' बाजारांत आणली. पोलादी नळ्यांची चौकट, तीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आंत अगदीं गरजेपुरतें सामान, असें तिचें स्वरूप होतें. तयार गाडीवर त्या काळीं ब्रिटनमध्यें खरेदी-कर असे, पण सुट्या भागांच्या संचावर तो नसे. म्हणून पुष्कळ लोक ती भागांच्या रूपानें घरीं नेऊन स्वतः जोडीत. १९७३ सालीं ती बांधण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि त्याच वंशांतील गाड्या ती कंपनी आजहि बांधते.

आतां वजन कमी केल्यानें नेमका लाभ कोणता होतो, तें पाहूं. रिकामी बैलगाडी आणि भरलेली बैलगाडी यांतील फरक बैलालाहि कळतो. त्याला गणित लागत नाहीं. पण मोटारीच्या बाबतींत थोडें गणित उपयोगी पडतें. समजा, एका लहान क्रीडा-मोटारीचें वजन ९६० किलो आहे आणि तिचें इंजिन ११५ अश्वशक्तीचें आहे. चालकाचे ७५ किलो धरले तर एकंदर भार १०३५ किलो होतो. आतां तीच गाडी उतरवून ७०० किलोवर आणली, तर चालकासह भार ७७५ किलो, म्हणजे पूर्वीच्या सुमारें तीन-चतुर्थांश, उरतो. इंजिनाला हातहि न लावतां वेग घेण्याच्या कामीं ही गाडी पूर्वीच्या वजनाच्या व १५० हून अधिक अश्वशक्तीच्या गाडीची बरोबरी करूं लागते.

परंतु मोठें इंजिन बसविल्यानें फक्त हा एकच लाभ पदरांत पडला असता. भार उतरविल्यानें आणखी दोन लाभ होतात. गाडी थांबवितांना तिची गतिशक्ति ब्रेकमध्यें उष्णता होऊन बाहेर पडते. ही शक्ति वजनाच्या प्रमाणांत असल्यामुळें, तितक्याच वेगावरून थांबतांना आतां ब्रेकना चतुर्थांश काम कमी करावें लागतें. तसेंच वळणावर गाडीला आंतल्या बाजूस खेंचून धरण्यासाठीं टायरना जो जोर लावावा लागतो, तोहि वजनाच्याच प्रमाणांत असतो. टायरवरील भार कमी झाला कीं त्याची पकडहि कमी होते हें खरें. परंतु ती भाराइतक्या वेगानें कमी होत नाहीं, म्हणून हलकी गाडी वळणावर अधिक घट्ट राहते. मात्र वाऱ्यापुढें हलकेपणाचें कांहीं चालत नाहीं. हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर अवलंबून असतो, आणि उघड्या सांगाड्याचा आकार या दृष्टीनें फार वाईट. म्हणून अशी गाडी आरंभीं बाणासारखी सुटते, पण मोठ्या वेगावर गुळगुळीत अंगाची साधी गाडी तिला गांठते. ही लांबच्या प्रवासाची गाडी नव्हे. वळणावळणाच्या छोट्या रस्त्यावर सकाळचा एखादा तास घालविण्याचें तें खेळणें आहे.

आजच्या काळांत या छंदाला 'माझदा एम्. एक्स्. ५' ही जपानी गाडी फार मानवली आहे. जपानांतील हिरोशिमा येथें तयार होणारी ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ सालीं जगापुढें आली, आणि २०१६ सालीं तिची संख्या दहा लाखांवर पोंचली. अमेरिकेंत ती 'मियाटा' या नांवानें ओळखली जाते. तिचें इंजिन पुढें असून तें मागचीं चाकें फिरवितें, आणि पुढच्या व मागच्या चाकांवर येणारा भार जवळजवळ सारखा आहे. वरील गणितांत घेतलेले आंकडे तिच्या पहिल्या, १.६ लिटर इंजिनाच्या प्रकाराच्या आसपासचेच आहेत. तिचें इंजिन व गिअरबॉक्स दीर्घकाळ टिकतात, पण पत्र्याला, विशेषतः दारांखालच्या भागाला आणि मागच्या चाकांभोंवतालच्या कमानींना, गंज चढतो. त्यामुळें यंत्र धडधाकट, पण देह जीर्ण झालेला, अशा गाड्या स्वस्तांत मिळतात. आणि या छंदाला नेमकें तेंच हवें असतें.

अशी गाडी दारांत आल्यावर लगेच पाना घेऊन धांवणें योग्य नाहीं. प्रथम बॅटरी सोडवावी, पेट्रोल काढून सुरक्षित जागीं ठेवावें, आणि गाडींत एअरबॅग असेल तर तिच्यांत स्फोटक द्रव्य असतें याची आठवण ठेवून, बॅटरी सुटल्यावर कारखान्यानें सांगितलेला वेळ जाऊं दिल्याशिवाय तिला हात लावूं नये. विजेच्या तारा सोडवितांना प्रत्येक जोडावर चिठ्ठी बांधावी. अशीं अर्धवट राहिलेलीं कामें बहुधा इंजिनापाशीं अडत नाहींत. तीं तारांच्या गुंत्यापाशीं अडतात. कोणती तार कोणत्या दिव्याची, हें सहा महिन्यांनीं कोणालाहि आठवत नाहीं.

यानंतर प्रत्येक वस्तूविषयीं एकच प्रश्न विचारावयाचा : ही वस्तु येथें कोणतें काम करते? या प्रश्नाच्या उत्तरावरून गाडीच्या साऱ्या सामानाचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग शोभेचा, दुसरा सोयीचा, तिसरा संरक्षणाचा आणि चौथा सामर्थ्याचा. चकचकीत पट्ट्या व आंतील नक्षीदार आवरणें शोभेचीं. तीं खुशाल जावींत. गालिचे, रेडिओ, थंड हवेचें यंत्र, टप, सुटें चाक हीं सोयीचीं. त्यांच्या जाण्यानें हाल होतात, पण अपाय होत नाहीं. झांकण उघडून वर येणारे पुढचे दिवे व त्यांच्या मोटारी काढून तेथें साधे स्थिर दिवे बसविले तर नाकावरचा भार हलका होतो. मूळचें गादीचें आसन पंधरा किलोच्या आसपास भरतें. त्या जागीं पातळ कवचाचें आसन आलें तर निम्म्याहून अधिक वजन वांचतें. येथपर्यंत काम सोपें, परत फिरण्यासारखें आणि निर्धोक आहे.

तिसऱ्या वर्गापाशीं मात्र हात आंखडला पाहिजे. बाजूनें धक्का बसला तर दार हीच चालकाची भिंत असते. पट्टा जेथें बांधलेला असतो ती जागा नुसत्या पत्र्याची नसून आंतून बळकट केलेली असते. गाडीचें नाक टकरीच्या वेळीं क्रमाक्रमानें चुरडत जावें अशा योजनेनें घडविलेलें असतें, म्हणजे धक्क्याचा जोर माणसापर्यंत पोंचण्यापूर्वीं कांहीं अंशीं जिरतो. त्यांत भर अशी कीं, हलकी व जड गाडी समोरासमोर आदळल्या असतां हलक्या गाडीच्याच वेगांत अधिक मोठा आणि अधिक आकस्मिक फरक पडतो. जिच्या हलकेपणाचा वळणावर आनंद होतो, तिच्या हलकेपणाची किंमत टकरींत मोजावी लागते. म्हणून या वर्गांतील जी वस्तु काढावयाची, तिच्या जागीं तेंच काम करणारी दुसरी वस्तु आधीं तयार हवी : दाराच्या जागीं पोलादी नळ्यांचा आडवा अडसर, डोक्यामागें गाडी उलटल्यास भार झेलणारी कमान, आणि पट्ट्यासाठीं चौकटीवर पक्का जोडलेला आधार.

चौथा वर्ग सर्वांत फसवा आहे, कारण सामर्थ्य डोळ्यांना दिसत नाहीं. ऑस्टिन सेव्हनला वेगळी चौकट होती, एम्. एक्स्. ५ ला ती नाहीं. तिचा तळ, मधला बोगदा, दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, पुढची व मागची आडवी भिंत हे सारे पत्रे एकमेकांना वितळवून जोडलेले आहेत, आणि त्या सर्वांचा मिळून एक सांगाडा बनतो. येथें कातडें व हाड निरनिराळीं नाहींत. याचा प्रत्यय घरांतील चपलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरून घेतां येतो. झांकण घट्ट बसविलेलें खोकें दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावें. तें दाद देत नाहीं. झांकण काढून तसेंच पिळावें. तें लगेच वेडेंवांकडें होतें. उघडी गाडी म्हणजे जन्मतःच झांकण नसलेलें खोकें. छपराचें बळ नसल्यामुळें तिचा ताठरपणा दारांखालच्या पेट्या व मधला बोगदा यांवर फार मोठ्या प्रमाणांत अवलंबून असतो. करवत घेऊन त्या पेट्यांना भोकें पाडलीं, किंवा आडव्या भिंती कापल्या, तर गाडी उभी असतांना कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. पण वळणावर सारा सांगाडा पिळवटतो, चाकांचे कोन क्षणोक्षणीं बदलतात, आणि सुकाणू फिरवावें तशी गाडी वळत नाहीं. त्यांतच त्या पेट्या आंतून गंजलेल्या असल्या, तर मूळचें बळहि उरलेलें नसतें. कापण्यापूर्वीं गंज कोठवर गेला आहे हें टोंचून पाहणें म्हणूनच अत्यावश्यक आहे.

या अडचणीवर एक सुबक तोड निघाली आहे. एम्. एक्स्. ५ मध्यें गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना गति देणारी दांतेरी चाकांची पेटी या दोहोंना ॲल्युमिनियमची एक लांब तुळई जोडते. इंजिन, गिअरबॉक्स, ही तुळई, मागची पेटी आणि चाकें धरणाऱ्या पुढच्या-मागच्या लहान चौकटी हा सर्व संच, योग्य बोल्ट सोडविले म्हणजे, देहापासून एकत्र अलग होतो. चार मित्रांनीं वरचा देह उचलून बाजूस ठेवला, तर खालीं गाडीचें सारें यंत्र चाकांसह जमिनीवर उभें राहतें. याच गोष्टीचा उपयोग करून इंग्लंडांत २०१० च्या सुमारास स्टुअर्ट मिल्स यांनीं 'एक्झोसेट' नांवाची नळ्यांची चौकट आंखली. पुढें ती अमेरिकेंतहि मिळूं लागली. जुना देह कापून दुबळा करण्याऐवजीं तो संबंध दूर करावयाचा आणि ती नवी चौकट त्या यंत्रावर उतरवावयाची, अशी ही रीत आहे. तयार झालेली गाडी ७०० किलोच्या आसपास भरते.

नळ्यांच्या अशा चौकटीचें रहस्य त्रिकोणांत आहे. चार लांकडांची बाज जुनी झाली कीं एका बाजूस कलते. तिच्या चारहि कोपऱ्यांतले सांधे ढिले पडून चौकोनाचा तिरपा चौकोन होतो. तिला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली, तर ती पुन्हा ताठ उभी राहते, कारण त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी कायम असतां त्याचा आकार बदलूंच शकत नाहीं. चौकटीच्या नळ्या अशाच त्रिकोणांत गुंफिलेल्या असतात. म्हणूनच पाय आंत घालतांना अडथळा होतो एवढ्यासाठीं एखादी तिरपी नळी कापणें म्हणजे बाजेची ती पट्टी उपटून टाकण्यासारखें आहे.

गाडी उभी राहिली म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. मूळच्या स्प्रिंगा मूळच्या वजनासाठीं होत्या. भार गेल्यावर गाडी उंच उचलली जाते आणि खांचखळग्यांवर उड्या मारूं लागते. त्यासाठीं नरम स्प्रिंगा घालून चाकांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात. ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर आहे. मूळ गाडींत पुढच्या व मागच्या ब्रेकांत जोराची वांटणी तिच्या भाराला धरून केलेली असते. टप, मागचा पत्रा, सुटें चाक आणि मागच्या पेटींत ठेवलेली बॅटरी हें सारें गेलें म्हणजे मागचीं चाकें फार हलकीं होतात. जोरानें ब्रेक लावतांच तीं आधीं जखडतात आणि गाडी गरकन् फिरते. म्हणून प्रत्येक चाकाखालीं वजनकांटा ठेवून, चालक आसनावर बसलेला असतां, कोणत्या चाकावर किती भार येतो तें मोजतात आणि त्यावरून ब्रेकची वांटणी ठरवितात. गाडीची उंची बदलल्यानें दिव्यांचा झोतहि बदलतो. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाऊं नये म्हणून पुन्हा खालीं आणावा लागतो.

या सर्वांवर कायद्याची नजर असते. ब्रिटनमध्यें अशा घरीं बांधलेल्या गाड्यांसाठीं १९९८ सालीं स्वतंत्र परीक्षा सुरू झाली, आणि २००९ पासून तिची जागा 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल ॲप्रूव्हल' या अधिक कडक परीक्षेनें घेतली. नव्या चौकटीवर बांधलेली गाडी ही परीक्षा उतरल्याखेरीज रस्त्यावर येत नाहीं. परीक्षक दिवे, ब्रेक, सुकाणू, आरसे, भोंगा, वेगमापक आणि पट्ट्यांचे आधार तपासतो. धुराडें किती आवाज करतें व किती दूषित वायु सोडतें तें मोजतो. चाकांवर पंखे आहेत कीं नाहींत हें तर तो पाहतोच, पण बाहेरून ज्या कडांना माणसाचें अंग लागण्याचा संभव असतो त्यांची गोलाई अडीच मिलिमीटरांहून कमी नसावी, येथवर त्याचा कटाक्ष असतो. नवख्या माणसास हा जाच वाटतो. पण ती कड चालकासाठीं गोल करावयाची नसते. रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या मांडीसाठीं ती गोल करावयाची असते. आपला जीव धोक्यांत घालण्याची मुभा फार तर स्वतःपुरती मागतां येईल. सार्वजनिक रस्त्यावर येतांच इतरांचा जीवहि त्या हिशेबांत येतो.

आपल्या देशांत ही वाट मुळांतच अरुंद आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्यानें मूळ ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या वर्णनाशीं विसंगत असा बदल मालकाला गाडींत करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालच्या आरंभींच्या निर्णयांत हें तत्त्व ठामपणें सांगितलें. त्यामुळें दारें व देह उतरविलेली गाडी पुण्याच्या किंवा मुंबईच्या रस्त्यावर आणण्याचा विचार येथील हौशी माणसानें सोडून द्यावा, हें उत्तम. पण या विद्येला हिंदुस्थानांत जागाच नाहीं असें नाहीं. कोइमतूरचे एस्. करिवर्धन यांनीं मारुतीच्या यंत्रावर एका आसनाच्या हलक्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या, आणि त्या 'फॉर्म्युला मारुती' या नांवानें ओळखल्या गेल्या. त्यांचें नांव आज कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गाला आहे. बंदिस्त मार्गावर, देखरेखीखालीं, हा खेळ येथेंहि खेळतां येतो.

ज्याला ही हौस आहे आणि ती पुरविण्यास कायदेशीर जागाहि आहे, त्यानें पहिल्या दिवशीं दोन वस्तु विकत आणाव्यात : एक वजनकांटा आणि एक वही. वहींत तीन रकाने पाडावेत. पहिल्यांत काढलेल्या वस्तूचें नांव, दुसऱ्यांत तिचें वजन आणि तिसऱ्यांत ती गाडींत कोणतें काम करीत होती तें लिहावें. पहिले दोन रकाने कोणालाहि भरतां येतील. तिसऱ्या रकान्यांत जेथें उत्तर सुचणार नाहीं, तेथें पाना खालीं ठेवावा, पुस्तक उघडावें किंवा जाणत्या माणसास विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत ती वस्तु होती तेथेंच राहूं द्यावी.